काळ्या मरियेवर पांढरा रंग

१६ डिसेंबर १९९९ रोजी, म्हणजे आपल्याकडे नाताळाच्या नोव्हेनेला आरंभ होतो त्या दिवशी, न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन म्युझियममध्ये ७२ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक गेले. गृहस्थ कॅथलिक आणि श्रद्धाळू. प्रकृती बरी नसल्याचे भासवून ते एका चित्राजवळ थांबले, पहारेकऱ्याची नजर चुकवून पारदर्शक संरक्षक पडद्यामागे शिरले आणि बरोबर आणलेल्या बाटलीतला पांढरा रंग त्यांनी चित्रातल्या स्त्रीच्या तोंडावर आणि अंगावर हाताने फासला. कारण विचारले तेव्हा, हे चित्र ईश्वरनिंदा करणारे आहे, एवढेच ते म्हणाले. चित्राचे नाव 'पवित्र कुमारी मरिया'. चित्रकाराचे नाव ख्रिस ऑफिली. आणि चित्रातली मरिया काळी आहे.

त्या वृद्ध गृहस्थांच्या भक्तीवर मला शंका घ्यायची नाही. परमेश्वर अंतःकरण पाहतो. परंतु त्यांच्या हातून त्या दिवशी जे घडले त्यात आपल्या सगळ्यांच्या मनोवृत्तीचे चित्र उमटले आहे, आणि त्याविषयी बोलणे मला आवश्यक वाटते. एक चतुर्थांश शतक लोटले तरी हा विषय निघाला की धर्मग्रामात एकच वाक्य कानी येते : "तोच ना, मरियामातेवर शेण फेकणारा?" चांगली शिकलेली, देवभीरू माणसे हे वाक्य बोलतात. चित्र पाहिले आहे का, असे विचारले की उत्तर नकारार्थी असते. ज्याने पाहिले नाही त्याने निवाडा देऊ नये, हा नियम आपण कुमसाराच्या खुर्चीत पाळतो, न्यायालयात पाळतो, शेजारणीविषयी बोलतानासुद्धा, निदान प्रवचन ताजे असेपर्यंत, पाळतो. चित्रकाराला मात्र तो लागू नाही, असे आपण परस्पर ठरवून टाकले आहे.

तेव्हा प्रथम चित्र पाहू. ते सुमारे आठ फूट उंच आणि सहा फूट रुंद आहे. १९९६ साली काढलेले. पार्श्वभूमी पिवळ्यानारिंगी, सोनेरी चमकीची. बिझंटाईन काळच्या पवित्र प्रतिमांची सोनेरी पाठ ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिची आठवण व्हावी अशी. मध्यभागी निळ्या झग्यातली काळी स्त्री. नाक रुंद, ओठ जाड, डोळे मोठे व सरळ आपल्याकडे रोखलेले. झगा उजव्या छातीवर उघडा आहे आणि तेथे स्तनाच्या जागी, राळेचा लेप देऊन टिकवलेला व रंगीत टाचण्यांनी सजवलेला, हत्तीच्या लिदीचा एक गोळा बसवला आहे. चित्र भिंतीवर टांगलेले नाही. ते तशाच आणखी दोन गोळ्यांवर उभे राहून भिंतीला टेकते. त्या दोन गोळ्यांवर रंगीत टाचण्यांनी चित्राच्या नावातले शब्द लिहिले आहेत. भोवती फुलपाखरांसारखे काही उडताना दिसते. जवळ गेल्यावर कळते की ती अश्लील मासिकांतून कापून काढलेली स्त्रीदेहाची छायाचित्रे आहेत.

या शेवटच्या गोष्टीकडे मी नंतर येईन, कारण खरा आक्षेप तेथे आहे. गंमत अशी की भांडण त्यावरून पेटले नाही. भांडण लिदीवरून पेटले. वर्तमानपत्रांनी लिहिले की चित्रावर विष्ठा 'उडवली' आहे, 'फासली' आहे. कोणी उडवली नव्हती, कोणी फासली नव्हती. त्या चित्रावर उभ्या जन्मात एकदाच काही फासले गेले, आणि तो रंग पांढरा होता.

आपल्या भाषेचे शहाणपण पाहा. मराठी माणूस गाईम्हशीच्या शेणाला, हत्तीघोड्याच्या लिदीला आणि शेळीच्या लेंड्यांना एकाच शब्दात कोंबत नाही, कारण या वस्तूंशी त्याचा रोजचा व्यवहार आहे आणि प्रत्येकीचा उपयोग निराळा आहे. आपल्यापैकी ज्यांचे आजीआजोबा कौलारू घरात राहिले त्यांना सांगायला नको की ज्या ओटीवर गुडघे टेकून सांजवेळी रोझरी म्हटली जाई ती ओटी शेणाने सारवलेली असे. सण आला, पाहुणा आला, घरात लग्न निघाले की आधी सारवण. तेव्हा न्यूयॉर्कच्या गृहस्थाला लीद म्हटल्याबरोबर फक्त घाण आठवली, हे मी समजू शकतो. त्याने सारवलेली जमीन पाहिलेली नसेल. आपण त्याची किळस उसनी का घ्यावी? आणि दरवर्षी नाताळात आपण हौसेने जो गोठा उभारतो त्यात स्वच्छ पेंढा, कापूस आणि दिव्यांची माळ घालतो. बेथलेहेमच्या खऱ्या गोठ्यात जनावरे होती, आणि जेथे जनावरे असतात तेथे काय असते हे शेतकऱ्याच्या लेकराला विचारावे. शब्द देह झाला तो त्या वासात. ही गोष्ट मी कोणाला धक्का देण्यासाठी लिहीत नाही. देहधारणेच्या सिद्धांताचा तो सरळ अर्थ आहे.

आता चित्रकाराविषयी. ऑफिली यांचा जन्म १९६८ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे, नायजेरियाहून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबात झाला. शिक्षण कॅथलिक शाळांत. लहानपणी ते वेदीसेवक होते. कुमारी असूनही माता झालेल्या मरियेचे गूढ त्या वयात आपल्याला कोड्यात टाकी, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. म्हणजे बाहेरून दगड मारणाऱ्या परक्याची ही गोष्ट नाही. आपल्याच वेदीच्या पायरीवर घंटी वाजवणाऱ्या पोराची आहे. पुढे ते लंडनला चेल्सी येथील कलाविद्यालयात आणि नंतर रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकले. १९९२ साली ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर त्यांना झिंबाब्वेला जाता आले. तेथील मातोबो टेकड्यांत सान लोकांनी खडकांवर काढलेली प्राचीन चित्रे आहेत. त्यातल्या ठिपक्यांनी या तरुणाला झपाटले. त्याच्या पुढच्या चित्रांवर हजारो ठिपके रांगोळीच्या चिकाटीने मांडलेले दिसतात. तेथेच त्याने पहिल्यांदा लीद कॅनव्हासला लावून पाहिली. आफ्रिकेच्या भूमीचा तुकडा चित्रात यावा, ही त्यामागची साधी गरज.

साधी, परंतु निरागस नव्हे, हेही सांगून टाकतो. १९९३ साली बर्लिनमध्ये आणि लंडनच्या ब्रिक लेन बाजारात या कलावंताने लिदीचे गोळे विक्रीला मांडले होते. काळ्या चित्रकाराकडून गोऱ्या रसिकाला काय हवे असते हे तो ओळखून होता : जंगल, ढोल, हत्ती. तेच त्याने त्यांच्यापुढे ठेवले. त्याचे आईवडील नायजेरियातील शहरातून आलेले. तो स्वतः मँचेस्टरच्या पावसात वाढलेला. आणि चित्रांसाठी लागणारी लीद लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींची. म्हणून १९९९ साली त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी, आफ्रिकी संस्कृतीत हत्तीची लीद पवित्र असते हो, असा जो खुलासा केला, तो मला निंदकांच्या आरोपाइतकाच आळशी वाटतो. कोणती आफ्रिका? कोणती जमात? पन्नासहून अधिक देशांच्या खंडाला एकच संस्कृती चिकटवून मोकळे होणे हाही तुच्छतेचाच प्रकार आहे; फक्त त्याचा चेहरा हसरा असतो.

ब्रुकलिनच्या प्रकरणात शहाणपण कोणीच दाखवले नाही. चार्ल्स साची या धनाढ्य संग्राहकाच्या मालकीच्या चित्रांचे ते प्रदर्शन होते, नाव 'सेन्सेशन'. ते १९९७ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत भरले तेव्हा तेथे गदारोळ झाला, तो बालकांची हत्या करणाऱ्या एका स्त्रीच्या चित्रावरून. ही मरिया त्याच दालनांत होती आणि तिच्यावरून वादळ उठले नाही. ब्रुकलिनच्या संग्रहालयाने तर, प्रदर्शन पाहून ओकारी येण्याचा संभव आहे, अशी थट्टेची आरोग्यसूचनाच जाहिरातीत छापली होती. त्यावर अमेरिकेतील एका कॅथलिक संघटनेने संग्रहालयाच्या दारात ओकारीच्या पिशव्या वाटल्या. दोन्ही बाजूंची पातळी एकच. महापौर रूडी जुलियानी, स्वतः कॅथलिक आणि त्या वेळी सिनेटच्या निवडणुकीची तयारी करत असलेले, यांनी प्रदर्शन उघडण्यापूर्वीच त्याचा धिक्कार केला आणि शहराकडून संग्रहालयाला मिळणारे वर्षाचे सुमारे सत्तर लाख डॉलर बंद करण्याची, इतकेच नव्हे तर संग्रहालयाला इमारतीतून बाहेर काढण्याची भाषा केली. १ नोव्हेंबर १९९९ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, न्यायाधीश नीना गर्शन यांनी शहराला तसे करण्यास मनाई केली.

या निकालाने कॅथलिकांचा पराभव झाला असे ज्यांना वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही. सरकारने तिजोरीच्या चाव्या हाती धरून कोणत्या प्रतिमेने कोणाच्या भावना दुखावतात ते ठरवावे, हे ज्या समाजाला आज गोड वाटते त्याने आपली संख्या मोजून पाहावी. भारतात आपण शंभरात दोन-अडीच आहोत. कोणाला आपला रस्त्यावरचा क्रूस खुपेल, कोणाला आपली मिरवणूक. जुलियानींची तलवार हाती घेण्यापूर्वी तिची मूठ कोणाच्या हातात राहणार आहे याचा विचार आपण इतरांपेक्षा अधिक केला पाहिजे.

आणि त्याच वर्षी, एप्रिल १९९९ मध्ये, पुनरुत्थानाच्या रविवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी जगातील कलावंतांना उद्देशून पत्र लिहिले होते. कलावंत जेव्हा आत्म्याच्या काळोख्या तळाशी उतरतो, दुष्टतेची अस्वस्थ करणारी रूपे रंगवतो, तेव्हाही तो एका अर्थाने तारणाची तहानच बोलून दाखवत असतो, असा त्यातला आशय आहे. सहाच महिन्यांनी ओकारीच्या पिशव्या वाटणाऱ्यांनी हे पत्र वाचले होते की नव्हते, कोण जाणे. पत्रे येतात, धर्मगुरूंच्या निवासातल्या कपाटात जातात. आमच्या निवासाचेही कपाट त्याला अपवाद नाही.

आता त्या छायाचित्रांविषयी. येथे मी चित्रकाराची वकिली करणार नाही. अश्लील मासिकात जिचा देह छापला गेला ती कोणाची तरी मुलगी आहे, आणि तिचे तुकडे कापून चमकीच्या चित्रात चिकटवताना तिला कोणी विचारले नाही. जुन्या चित्रांत मरियेभोवती नागडी गुबगुबीत देवदूत-बाळे असतात, त्यांची ही विडंबनात्मक जागा, असा त्याचा अर्थ लावतात. तो खरा असेल. मला तो अपुरा वाटतो. हे चित्र मी माझ्या देवळात लावणार नाही, आणि संग्रहालयात लहान मुलांना त्याच्यापुढे नेणार नाही. ज्या श्रद्धावंताला ते पाहून दुःख झाले त्याचे दुःख खोटे आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही समीक्षकाला नाही.

परंतु सेमिनरीत नव्या कराराचा पहिला धडा शिकताना प्रत्येक जण मत्तयच्या पहिल्या अध्यायाशी अडखळतो, तसा मी या चित्राशी अडखळतो. येशूची वंशावळ. बापांची नावे सांगता सांगता मत्तय मरियेच्या आधी चार स्त्रियांना उभे करतो : तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. एक वेश्येचा वेष घेऊन सासऱ्याला फसवणारी, एक वेश्याच, एक परक्या वंशाची विधवा, एक राजाने भोगलेली परस्त्री. पाचवी मरिया. पावित्र्याच्या अवतीभवती वापरलेल्या, विकलेल्या, बदनाम झालेल्या स्त्रिया जाणूनबुजून उभ्या करण्याचे धाष्टर्य ऑफिलींच्या एकोणीसशे वर्षे आधी एका सुवार्तिकाने केलेले आहे, आणि आपण ते वेदीवरून वाचतो. काळ्या स्त्रीच्या देहाला तर गुलामांच्या बाजारापासून त्या मासिकांपर्यंत जगाने काय मोल लावले हे वेगळे सांगायला नको. त्या गर्दीत मरिया उभी आहे आणि नजर खाली न घालता आपल्याकडे पाहते आहे. चित्रकाराच्या मनात मत्तय होता असे मी म्हणत नाही. माझ्या मनात आहे, आणि चित्र पाहण्याचा तेवढा अधिकार मलाही आहे.

प्रतिमांच्या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण जुनी व स्पष्ट आहे. ७८७ साली निकेया येथील दुसऱ्या विश्वपरिषदेने ठरवले की प्रतिमेला दिलेला मान ती ज्याची प्रतिमा आहे त्याच्याकडे जातो. त्याआधी, सम्राट प्रतिमा फोडत असताना, दमास्कसच्या संत योहानाने जडवस्तूच्या बाजूने लेखणी उचलली होती : ज्याने माझ्यासाठी जडदेह घेतला त्याच्यामुळे मी जडवस्तूला तुच्छ लेखणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. लाकूड, रंग, शाई, सोने या सगळ्या वस्तू त्याने मोजून दाखवल्या. आणि गोंधळही जुना आहे. रोमच्या कार्मेलाइट संन्याशांच्या देवळासाठी काराव्हाज्योने सतराव्या शतकाच्या आरंभी 'मरियेचा मृत्यू' हे चित्र काढले आणि संन्याशांनी ते नाकारले. मरियेचे शरीर सुजलेले, पाय उघडे, ती फार गरीब व फार मेलेली दिसते म्हणून. रुबेन्स या चित्रकाराच्या शब्दावरून मांतुआच्या ड्यूकने ते विकत घेतले. आज ते पॅरिसला लूव्हरमध्ये आहे आणि कॅथलिक यात्रेकरू त्याच्यापुढे क्रुसाची खूण करतात.

ऑफिलींच्या कामातले एकच चित्र धरून बसलो म्हणून आपण सर्वांत मोठे चित्र गमावले. ते १९९८ सालचे आहे, 'नो वुमन नो क्राय'. २२ एप्रिल १९९३ च्या रात्री लंडनमध्ये बसची वाट पाहणाऱ्या स्टीफन लॉरेन्स या काळ्या मुलाला गोऱ्या टोळक्याने केवळ वर्णद्वेषाने भोसकून मारले. वय १८. पोलिसांनी तपासात इतका हलगर्जीपणा केला की त्याच्या आईला, डोरीन लॉरेन्स यांना, वर्षानुवर्षे झगडावे लागले. १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने लंडनच्या पोलीस दलात संस्थात्मक वर्णद्वेष असल्याचे म्हटले. खुनाबद्दल दोघांना शिक्षा झाली ती २०१२ साली. ऑफिलींनी त्या आईला पाहून एक स्त्री रंगवली. बाजूने दिसणारा चेहरा, मिटलेले डोळे, केसांच्या वेण्या, आणि गालावरून ओघळणारे निळसर अश्रू. प्रत्येक अश्रूत त्या मुलाचा इवलासा चेहरा. अंधारात चमकणाऱ्या रंगात, दिवसा जवळजवळ न दिसणारी अक्षरे आहेत : स्टीफनचे नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि शांतीची प्रार्थना. हे चित्रही लिदीच्या दोन गोळ्यांवर उभे आहे. त्याच वर्षी ऑफिलींना ब्रिटनचे टर्नर पारितोषिक मिळाले. ते मिळवणारे ते पहिले काळे चित्रकार.

सात तलवारींनी काळीज विंधलेली दुःखी माता आपण ओळखतो. क्रुसाच्या वाटेच्या चौथ्या स्थानापाशी आपण तिच्यासाठी रडतो. मग लंडनच्या फुटपाथावर मुलगा गमावलेली आई कोणा चित्रकाराने त्याच ओळीत उभी केली तेव्हा, हे आमचेच आहे, असे आपण का म्हटले नाही? शिमोनाचे भाकीत लूकच्या पानातच संपते काय?

पुढच्या प्रवासाबद्दल थोडक्यात. १९९९ ते २००२ या काळात त्यांनी 'माडीवरची खोली' ही चित्रमालिका केली : तेरा माकडे, प्रत्येक निराळ्या रंगात, हाती पेला, दोन्ही भिंतींवर सहा-सहा आणि टोकाला एक मोठे. वास्तुशिल्पी डेव्हिड अजाये यांनी त्यांच्यासाठी अक्रोडाच्या लाकडाचे अर्धअंधारे दालन बांधले, त्यात शिरताना देवळात आल्यासारखे होते म्हणतात. शेवटच्या भोजनाच्या जागी माकडे म्हटल्यावर पुन्हा कपाळावर आठ्या. ज्यांच्या शेजारच्या आळीत मारुतीचे देऊळ आहे त्यांना तरी वानर म्हणजे निव्वळ चेष्टा नव्हे हे ठाऊक असावे. लंडनच्या टेट संग्रहालयाने २००५ साली ही मालिका विकत घेतली. ऑफिली तेव्हा टेटचे विश्वस्त होते, आणि या व्यवहाराबद्दल धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या आयोगाने २००६ साली टेटला दोष दिला. योग्यच दिला. बाजाराची बाजू त्या मरियेच्याही वाट्याला आली. २०१५ साली लंडनच्या लिलावात ती सुमारे एकोणतीस लाख पौंडांना विकली गेली आणि २०१८ साली देणगी म्हणून न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आली. ज्या लिलावगृहाने हा लिलाव केला त्यानेच १९९९ च्या प्रदर्शनाला पैसे पुरवले होते. आपल्या निदर्शनांनी त्या चित्राची किंमत घटवली नाही, एवढे ज्यांनी पिशव्या वाटल्या त्यांनी ध्यानात ठेवावे.

२००५ साली ऑफिली त्रिनिदादला राहायला गेले. त्या बेटावर सिपारिया गावच्या देवळात 'ला दिविना पास्तोरा' या नावाने मरियेची सावळी मूर्ती आहे. ऊसमळ्यांत मजुरीसाठी भारतातून नेलेल्या लोकांचे हिंदू वंशज तिला सिपारी माई म्हणून नवस बोलतात. तेथे गेल्यावर या चित्रकाराच्या चित्रांतून लीद गेली, चमकी गेली, टाचण्या गेल्या. गर्द निळा काळोख आला. आणि त्या काळोखात कोण दिसते? 'लाजरसाचे पुनरुत्थान'. 'इस्कार्योतचे ब्लूज', ज्यात दोन वादक वाजवत आहेत आणि शेजारी फाशी घेतलेला माणूस लोंबतो आहे. गब्रिएल व मरिया यांच्या भेटीचे ब्राँझ शिल्प. २०२३ साली 'सात महापातके'. बायबल सोडून पळालेल्या माणसाची ही यादी आहे काय? आपल्या देवळांना वेदीचित्रे पुरवणाऱ्या किती कारखान्यांना यहुदाच्या मृत्यूकडे इतका वेळ पाहवले असेल?

२०१७ च्या जून महिन्यात लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीला आग लागली आणि ७२ जण जळून गेले. बहुतेक गरीब, बहुतेक परदेशांतून आलेली कुटुंबे. त्यांत खदीजा साये ही २४ वर्षांची छायाचित्रकार होती. आई ख्रिस्ती, वडील मुसलमान, मूळ गांबियाचे. ऑफिली तिला त्याच वर्षी व्हेनिसच्या कलामहोत्सवात भेटले होते. आगीत तिची आईही गेली. २०२३ साली त्यांनी टेट ब्रिटनच्या जिन्याच्या तीन भिंतींवर 'रिक्विएम' रंगवले. रिक्विएम म्हणजे मृतांसाठीची मिस्सा, हे या वाचकांना सांगायला नको. एका भिंतीवर जळती इमारत हातांत धरून वाकलेला संदेष्ट्यासारखा माणूस, त्याच्या अश्रूंचा समुद्र. मधल्या भिंतीवर खदीजा, आईचे धुपाटणे कानाशी धरलेली. शेवटच्या भिंतीवर उजेड, पाणी आणि वाद्ये वाजवणारे अलौकिक जीव.

हे सगळे दूरदेशीचे वाटेल, म्हणून घरचे एक उदाहरण देतो. गोव्यात सांत इस्तेव येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका यांनी शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांकडे शिक्षण घेतले आणि मरियेला आपल्या मातीचा वर्ण दिला, लुगडे नेसवले. गोव्यातल्या प्रतिष्ठित कॅथलिकांना ते सोसले नाही. फोन्सेकांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाचा आसरा घेतला आणि १९६७ साली त्यांचे निधन होईपर्यंत आपल्याच समाजात ते उपरे राहिले. त्यांच्या चित्रांत लीद नव्हती. छायाचित्रांचे तुकडे नव्हते. होता तो फक्त सावळा वर्ण आणि निऱ्यांचे लुगडे. त्या वेळी दुखावले गेले ते काय होते?

माझा आरोप येथे येऊन ठेपतो. लीद हे निमित्त होते. नाझरेथच्या यहुदी मुलीला आपण चार शतके निळ्या डोळ्यांची, गुलाबी गालांची युरोपीय राजकन्या म्हणून भजत आलो, आणि ती ग्वादालूपला गव्हाळ, चेस्तोहोवाला सावळी, मोंसेरातला काळी झालेली आहे हे धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणी धड शिकवले नाही. तिचा रंग बदलला की आपल्याला ती अपवित्र वाटू लागते, आणि ते उघड बोलण्याची लाज वाटते म्हणून आपण दुसरे काहीतरी बोट दाखवण्याजोगे शोधतो. ख्रिस्तसभेने कोणत्याही एका काळाची वा देशाची कलाशैली आपलीच म्हणून स्वीकारलेली नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवरच्या दस्तऐवजात लिहून ठेवले आहे. विवाहाच्या जाहिरातींत 'गोरी वधू पाहिजे' असे छापणाऱ्या समाजाने तो परिच्छेद वाचायला वेळ काढलेला नाही.

येत्या मे महिन्यात धर्मग्रामाच्या सभागृहात मरियामातेची नेहमीची गोरी तसबीर मांडली जाईल, तिला मोगऱ्याचे हार पडतील. तिच्या एका बाजूला फोन्सेकांची लुगड्यातली माता आणि दुसऱ्या बाजूला ऑफिलींची अश्रू ढाळणारी काळी आई, अशा दोन छापील प्रती लावाव्यात, अशी माझी सूचना धर्मग्राम परिषदेपुढे आहे. ज्यांना त्या तेथे नको असतील त्यांनी सभेत उभे राहून कारण सांगावे. छापील कागदावर लीद नसते, तेव्हा ते कारण चालणार नाही.